‘लो जीआय’च्या तक्त्यांबाबत आहारतज्ज्ञांना खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्रातील आहारतज्ज्ञ आणि वजन-नियंत्रण केंद्रांचे चालक यांस,

स. न. वि. वि.

मी तालुक्याच्या गावी जनरल प्रॅक्टिस करणारा डॉक्टर आहे. आपण लिहून दिलेले आहाराचे तक्ते माझ्या टेबलावर नेहमी येतात, कारण तीन-चार महिने आपल्याकडे जाऊन आलेला माणूस पुढची कित्येक वर्षे रक्तदाब, साखर आणि गुडघेदुखी घेऊन माझ्याकडेच येत असतो. या तक्त्यांचे स्वरूप अलीकडे बरेचसे एकसारखे झाले आहे. एका बाजूला हिरवा रकाना, दुसऱ्या बाजूला लाल, आणि प्रत्येक पदार्थापुढे त्याचा ग्लायसेमिक निर्देशांक (जीआय), म्हणजे तो रक्तातील साखर किती चढवतो हे सांगणारा आकडा. आकडा ५५ किंवा त्याहून कमी असेल तर चालेल, ७० च्या पुढे गेला तर बंद. सोबत तोंडी आश्वासन असे की, ‘लो जीआय’ खात राहिलात तर उतरलेले वजन पुन्हा वाढणार नाही. माझा आक्षेप या आश्वासनाला आहे. हाती असलेला पुरावा एवढे मोठे आश्वासन पेलू शकत नाही, आणि ते दिल्यामुळे ज्या गोष्टींनी वजन खरोखर राखले जाते त्यांच्याकडे दुर्लक्ष होते, असे माझे स्पष्ट मत आहे.

हा निर्देशांक मुळात वजनासाठी काढलेला नव्हता. टोरोंटो विद्यापीठातील डेव्हिड जेनकिन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये ६२ पदार्थांची यादी प्रसिद्ध केली, तेव्हा त्यांच्यापुढे प्रश्न मधुमेहींचा होता: कर्बोदके वजनाने सारखी असली तरी त्यांनी रक्तातील साखर सारखीच वाढते का? ती तशी वाढत नाही, हे त्यांनी मोजून दाखवले, आणि ही कामगिरी लहान नाही. मात्र मोजण्याची रीत ध्यानात ठेवली पाहिजे. ज्यातून ५० ग्रॅम पचणारी कर्बोदके मिळतील एवढा पदार्थ, तोही एकटाच आणि उपाशीपोटी, काही निरोगी माणसांना खायला देतात. पुढचे दोन तास ठरावीक अंतराने त्यांच्या रक्तातील साखर तपासतात. आणि तिचा आलेख ग्लुकोजच्या आलेखाशी ताडून पाहतात. गाजरातून ५० ग्रॅम कर्बोदके मिळवायची तर पाऊण किलोच्या आसपास गाजरे खावी लागतील. पहिल्या यादीत गाजराचा आकडा ९२ आला होता. पुढच्या मोजण्यांत तो ५० च्या खाली उतरला. दरम्यान कित्येकांच्या ताटातून गाजर हद्दपार झाले, ते मात्र कोणी पुन्हा वाढायला आले नाही.

आकडा पदार्थाला जन्मखुणेसारखा चिकटलेला नसतो, हे आपण शिकलेले आहात. तक्त्यात मात्र ते दिसत नाही. आंतरराष्ट्रीय तांदूळ संशोधन संस्था आणि ऑस्ट्रेलियातील शास्त्रज्ञांनी जगभरच्या २३५ तांदळांची तपासणी केली, तेव्हा निर्देशांक ४८ पासून ९२ पर्यंत पसरलेला आढळला. कारण मुख्यतः तांदळातील स्टार्चच्या घडणीत आहे: अमायलोज हा स्टार्चचा घटक जास्त असेल तर भात मोकळा होतो आणि सावकाश पचतो, कमी असेल तर तो चिकट होतो आणि लवकर पचतो. कोकणातला उकडा तांदूळ, पॉलिश केलेला कोलम आणि चिकट होणारा वासाचा तांदूळ या सर्वांना ‘भात’ म्हणून एकाच लाल रकान्यात टाकणे हे शास्त्र नव्हे. दळण्याशिजवण्यानेही आकडा हलतो. सिडनी विद्यापीठाच्या संशोधकांनी २००८ मध्ये संकलित केलेल्या कोष्टकात जाड ओट्सच्या लापशीचा आकडा ५५ आहे आणि झटपट शिजणाऱ्या ओट्सचा ७९, म्हणजे तो त्याच कोष्टकातल्या साध्या पांढऱ्या भाताच्या ७३ हूनही वर. आपल्या तक्त्यांत हिरव्या रकान्यात नुसते ‘ओट्स’ लिहिलेले असते आणि गावातल्या दुकानात मिळते ते झटपट शिजणारेच पाकीट. नाचणीचेही तसेच आहे. तिच्या बारीक सत्त्वाची पातळ पेज आणि तिच्याच जाडसर पिठाची भाकरी यांचा साखरेवरचा परिणाम एकच धरून चालणार नाही.

त्यातही माणसागणिक फरक पडतो. अमेरिकेतील टफ्ट्स विद्यापीठात २०१६ मध्ये ६३ जणांवर पुन्हा पुन्हा पांढऱ्या पावाची मोजणी केली गेली. सरासरी ६२ आली, पण प्रमाण विचलन, म्हणजे सरासरीभोवतीचा पसारा, १५ चे होते. म्हणजे तोच पाव एखाद्याला कमी निर्देशांकाचा, दुसऱ्याला मध्यम आणि तिसऱ्याला उच्च निर्देशांकाचा ठरू शकतो. एकाच माणसाच्या दोन दिवसांच्या मोजण्यांतही सुमारे २० टक्क्यांचा फरक निघाला. असे असताना ‘५४ चालेल, ५८ जपून’ हा काटेकोरपणा कशाच्या जोरावर?

आणि आकडा कमी असला म्हणजे पदार्थ वजनाला मानवतो, हेही खरे नाही. सिडनीच्या त्याच कोष्टकात उकडलेला बटाटा ७८, बटाट्याचे वेफर्स ५६, आइस्क्रीम ५१ आणि चॉकलेट ४० आहे. तुपातेलाने जठर सावकाश रिकामे होते, साखर हळू चढते आणि आकडा खाली येतो. उष्मांक मात्र वाढलेले असतात. वजनाचा विचार करताना हा आकडा एकटा किती फसवू शकतो, हे या चार पदार्थांवरूनच दिसते.

आता मुख्य मुद्द्याकडे, म्हणजे दीर्घकाळ वजन राखण्याकडे येतो. कमी निर्देशांकाच्या बाजूने सर्वांत भक्कम पुरावा म्हणून डायोजेनिस या युरोपातील अभ्यासाचे नाव घेतले जाते, आणि तो अभ्यास खरोखरच चांगला आहे. आठ देशांतील लोकांनी आधी दिवसाला ८०० किलोकॅलरीच्या आहारावर किमान ८ टक्के वजन उतरवले आणि मग त्यांतील ७७३ जणांना पाच वेगवेगळ्या आहारांवर ठेवले गेले. पोटभर खा, मोजू नका, एवढीच सूचना होती. २६ आठवड्यांनंतर कमी निर्देशांकाच्या गटांत वजन परत येण्याचे प्रमाण उच्च निर्देशांकाच्या गटांपेक्षा ०.९५ किलोने कमी होते. निष्कर्ष २०१० मध्ये प्रसिद्ध झाले आणि जगभर त्यांचा गाजावाजा झाला. मात्र त्याच अभ्यासात जास्त प्रथिनांचा फायदाही जवळपास तेवढाच, ०.९३ किलोचा होता, याचा उल्लेख आपल्या तक्त्यांत येत नाही. पुढे मास्ट्रिख्ट आणि कोपनहेगन या दोन केंद्रांत लोकांचा वर्षभर पाठपुरावा झाला, तेव्हा प्रथिनांचा फायदा टिकलेला दिसला, निर्देशांकाचा नाही.

ब्राझीलमध्ये २००७ च्या सुमारास २०३ स्त्रियांचा १८ महिने अभ्यास झाला. कमी आणि जास्त निर्देशांकाच्या आहारांत दीर्घकालीन वजनाचा फरक पडला नाही. त्यानंतर आला प्रिव्ह्यू हा आणखी मोठा प्रयत्न: मधुमेहपूर्व अवस्थेतील दोन हजारांहून अधिक लोक, आठ देश, आठ आठवड्यांत वजन उतरवून पुढे तीन वर्षे. एका गटाला जास्त प्रथिने आणि कमी निर्देशांक, दुसऱ्याला मध्यम प्रथिने आणि मध्यम निर्देशांक. तीन वर्षांनी दोन्ही गटांत मधुमेह होण्याचे प्रमाण सारखे, वजन राखण्यातही फरक नाही, आणि उतरलेल्या वजनाचा बराचसा भाग दोघांकडेही परत आलेला. म्हणजे प्रथिनांचा विजय झाला असेही मी म्हणू शकत नाही. ते माझ्या सोयीचे असते, पण प्रामाणिक नसते. वैद्यकीय पुराव्यांचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २००७ च्या आढाव्यात लहान आणि अल्पमुदतीच्या सहा अभ्यासांच्या आधारे कमी निर्देशांकाने सुमारे एक किलो वजन जास्त उतरते असे दिसले होते. त्याच संस्थेच्या २०२३ च्या आढाव्यात, अधिक अभ्यास हाती आल्यावर, वजनात फरक पडत असला तरी तो नगण्यच असावा, असा निष्कर्ष निघाला. महाराष्ट्रातले तक्ते अजून २००७ मध्येच थांबलेले आहेत.

असे का होत असावे? उतरलेल्या वजनाला शरीर पेटून विरोध करते, हे त्याचे मोठे कारण. मेलबर्न येथील संशोधकांनी २०११ मध्ये दाखवले की दहा आठवड्यांच्या कडक आहाराने वजन उतरवल्यावर भूक वाढवणारी आणि तृप्ती कमी करणारी संप्रेरके एक वर्षानंतरही बदललेल्याच अवस्थेत होती. शिवाय हलके झालेले शरीर तेवढ्याच कामाला कमी ऊर्जा खर्च करते. हा विरोध वर्षानुवर्षे चालतो, आणि सकाळच्या पोह्यांऐवजी ओट्स खाल्ल्याने तो शमत नाही. इन्सुलिन वाढू दिले नाही की चरबी साठणारच नाही, हा विचार गेल्या दशकात आपल्याकडे घरोघरी पोचला आहे. त्यात तथ्याचा अंश आहे, पण भुकेचे आणि ऊर्जेचे सगळे गणित त्या एका संप्रेरकावर टाकता येत नाही. अमेरिकेत २०१८ मध्ये ६०९ जणांवर वर्षभर झालेल्या चाचणीत कमी स्निग्ध आणि कमी कर्बोदकांच्या आहारांनी सारखेच वजन उतरले, आणि कोणाचे शरीर किती इन्सुलिन सोडते यावरून कोणाला कोणता आहार मानवेल हे ओळखता आले नाही.

निर्देशांकाच्या तक्त्याने आपल्या घरांत प्रत्यक्षात काय होते, ते मला रोज दिसते. ‘भात बंद, भाकरी चालेल’ असे लिहून दिलेला माणूस दोनऐवजी तीन भाकरी खातो, कारण त्या हिरव्या रकान्यात आहेत. हिशेब मांडून पाहू. एका भाकरीला ५० ग्रॅम ज्वारीचे पीठ धरले तर तीन भाकऱ्यांतून सुमारे १०० ग्रॅम कर्बोदके मिळतात. भरड धान्यांवरील २०२१ च्या आढाव्यात ज्वारी, बाजरी आणि नाचणी मध्यम गटात आहेत. आकडा ६२ मानला तर ग्लायसेमिक भार, म्हणजे निर्देशांक गुणिले कर्बोदकांचे ग्रॅम भागिले १००, ६२ च्या घरात जातो. उलट ६० ग्रॅम तांदळाचा भात घेतला तर कर्बोदके सुमारे ४७ ग्रॅम, निर्देशांक ७३ धरला तरी भार ३४ च्या आसपास. लाल रकान्यातल्या भाताने साखरेवर टाकलेला भार हिरव्या रकान्यातल्या भाकरीच्या निम्म्याहून थोडाच जास्त निघाला. ज्वारीत खोट नाही, तिची भाकरी रोज खावी. पण किती, हे लिहिल्याशिवाय तक्ता पुरा होत नाही. भार मोजण्याची ही कल्पना हार्वर्डच्या संशोधकांनी १९९७ मध्येच मांडली होती.

भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या इंडियाब या मधुमेहाच्या देशव्यापी पाहणीचे २०२५ मध्ये आलेले आहारविषयक निष्कर्ष याच दिशेने बोट दाखवतात. आपल्या देशात दिवसाच्या ऊर्जेपैकी सुमारे ६२ टक्के ऊर्जा कर्बोदकांतून येते. एकूण कर्बोदके तेवढीच ठेवून नुसता भात काढून त्याजागी गहू किंवा भरड धान्य आणले, तर मधुमेहाचा धोका कमी असल्याचे दिसले नाही; कर्बोदकांचा थोडा वाटा डाळी-कडधान्यांच्या किंवा दूधदुभत्याच्या प्रथिनांनी घेतला, तर धोका कमी दिसला. पाहणीतून कार्यकारण सिद्ध होत नाही, हे मान्य. तरी ओट्स, क्विनोआ आणि ब्राऊन राइसवर महिन्याचे पैसे घालायला लावण्याआधी घरातल्या वरणाचा घट्टपणा विचारावा, एवढे तरी त्यातून निघते. आमच्या भागात वरण म्हणजे पिवळे पाणी झाले आहे. उसळ आठवड्यातून एकदा होते. मटकी, चवळी, हुलगे, हरभरा, तूर ही सगळी मंडळी निर्देशांकाने कमी, चोथ्याने आणि प्रथिनांनी भरलेली आणि प्रत्येक किराणा दुकानात मिळणारी आहेत. आपल्या तक्त्यात त्यांना ‘दुपारी एक वाटी डाळ’ एवढीच जागा असते, आणि ती वाटी किती डाळीची हे कोणी सांगत नाही. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचना धान्यांचा वाटा ऊर्जेच्या ४५ टक्क्यांपर्यंत मर्यादित ठेवायला सांगतात. भाकरी-पोळी-भात मिळून तो कितीवर जातो, हे रुग्णासमोर बसून काढायला दहा मिनिटे पुरतात.

प्रथिनांचा आग्रह धरण्याचे आणखी एक कारण आपल्याच पुण्यातून आले आहे. केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनमधील डॉ. जॉन युडकिन या दोघांचा बॉडी मास इंडेक्स (उंचीच्या मानाने वजन) २२.३ असा अगदी सारखा होता, पण शरीरातील चरबी युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के भरली. २००४ मध्ये हा तपशील ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. आपण दिसायला सडपातळ असलो तरी आपल्यात स्नायू कमी आणि चरबी जास्त असते. अशा माणसाचे वजन घाईने उतरवताना स्नायूही गेले आणि परत आली ती मुख्यतः चरबी, तर काट्यावर तोच आकडा दिसूनही तो आधीपेक्षा वाईट अवस्थेत असतो. म्हणून नुसते वजन न लिहिता कमरेचा घेरही लिहावा, आणि तक्त्याबरोबर स्नायूंना ताण देणाऱ्या व्यायामाची चार वाक्ये असावीत. सध्या ‘रोज चाला’ एवढेच असते.

कमी निर्देशांकाचा आहार टाकाऊ आहे, असा माझा दावा नाही. मधुमेहींमध्ये त्याचा उपयोग आहे: २०२१ मध्ये ‘बीएमजे’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या, चाचण्यांतील २९ तुलनांच्या एकत्रित विश्लेषणात तीन महिन्यांची सरासरी साखर, म्हणजे एचबीए१सी, सुमारे ०.३ टक्केबिंदूने खाली आली होती. औषधाच्या जोडीला एवढी घट मिळत असेल तर मी ती आनंदाने घेईन. पॉलिश केलेल्या तांदळाऐवजी उकडा, रसाऐवजी अख्खे फळ, अशा एकाच प्रकारच्या दोन पदार्थांतून निवड करताना हे शास्त्र मदत करते. मात्र साखरेऐवजी गूळ सुचवताना ते वापरू नये. गूळही मुख्यतः सुक्रोजच आहे. आणि साखर सुधारणे वेगळे, वजन वर्षानुवर्षे राखणे वेगळे, हे दोन्ही एका आकड्याखाली बांधू नये.

वजन राखलेली माणसे काय करतात, याची एक जुनी नोंद १९९४ मध्ये सुरू झालेल्या अमेरिकेतील राष्ट्रीय वजन नियंत्रण नोंदवहीत मिळते. किमान साडेतेरा किलो उतरवून ते वर्षभर तरी राखलेल्यांनाच त्या नोंदवहीत प्रवेश होता. त्यांच्या सवयी चकित करणाऱ्या नाहीत: रोज तासाभराची हालचाल, नियमित वजन करणे, खाण्यावर सतत लक्ष, आठवड्याच्या दिवसांत आणि सुट्टीत फारसा फरक न करणे. यशस्वी झालेल्यांचीच ही नोंद असल्याने तिच्यातूनही सगळे सिद्ध होत नाही, पण यांतली एकही गोष्ट चार महिन्यांत संपणारी नाही, हे मात्र उघड दिसते.

इथेच आपल्या केंद्रांची रचना उलटी आहे. पहिले तीन महिने दर आठवड्याला फोन, वजन, फोटो. आणि वजन उतरले की निरोप. शरीराचा विरोध जेव्हा ऐन भरात येतो, तेव्हा माणूस एकटा पडतो. घरातही हेच होते. एका माणसाच्या तक्त्यासाठी घरातली बाई वेगळा स्वयंपाक करते, काही आठवडे तो निभतो, मग लग्नसराई, सुगी किंवा परीक्षा येते आणि सगळे मूळ पदावर जाते. जो तक्ता घरातल्या सगळ्यांना एकाच कढईतून खाता येत नाही, तो दोन वर्षे टिकेल अशी आशा करू नये. केंद्राच्या काउंटरवर विकायला ठेवलेली ‘लो जीआय’ बिस्किटे तर कोणालाच दोन वर्षे टिकवायची नसावीत. सल्ला देणाऱ्याने माल विकू नये, ही अपेक्षा आम्हा डॉक्टरांनाही लागू आहे, हे मला ठाऊक आहे.

माझी मागणी अशी आहे. तक्त्यातून निर्देशांकाचे आकडे काढून त्याजागी माप लिहावे: किती ग्रॅम पिठाच्या किती भाकऱ्या, किती डाळीचे वरण. ‘लो जीआय खाल्ल्याने वजन परत येत नाही’ हे वाक्य बोलण्यातून आणि जाहिरातीतून काढून टाकावे. घेतलेल्या शुल्कात जेवढा पाठपुरावा बसतो, त्यातला अर्धा वजन उतरल्यानंतरच्या काळासाठी राखून ठेवावा. आणि आपल्या भिंतीवर तीन महिन्यांच्या आधी-नंतरच्या फोटोंशेजारी, दोन वर्षांपूर्वी आपल्याकडे आलेल्या सर्वांपैकी किती जणांचे वजन आज किती आहे, मध्येच सोडून गेलेले किती, ही माहिती नावे न देता लावावी. ज्या केंद्रात ती लावली जाईल, तिथे मी माझे रुग्ण स्वतःहून पाठवीन, आणि त्यांचे पुढचे वजन, घेर आणि साखर दर सहा महिन्यांनी आपल्याला कळवण्याची जबाबदारी घेईन.

कळावे, लोभ असावा.

आपला,
तालुक्याच्या गावातील एक जनरल प्रॅक्टिशनर